बसवलेली माणसं

लिंगायतांच्या रुद्रभूमीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, फाटकावर नवा फलक लागला त्या दिवशी गिरिजाक्काचं डोकं जे फिरलं, ते पुढं आठ दिवस ठिकाणावर आलं नाही. फलक चांगला जाड पत्र्याचा होता, निळा, चार माणसांनी उचलून आणलेला. वर मोठ्या अक्षरांत 'रुद्रभूमी वारसा जतन प्रकल्प', त्याखाली नकाशा, आणि नकाशाखाली माहिती. क्षेत्र दोन एकर. एकूण समाधी एकशे बेचाळीस. दक्षिणेकडील भाग जुनी बाग, सध्या मोकळी जागा. नियोजित वापर अभ्यागत भवन, वाहनतळ व स्वच्छतागृह.

गिरिजाक्का सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ते दोनदा वाचलं, पदरानं चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग फाटकाशेजारी फुलांची गाडी लावणाऱ्या केरबाला हाक मारली.

"केरबा, ही खालची ओळ वाच रं. माझा चष्मा मला फसवतोय का बघ."

केरबानं हातातला हार गाडीवर ठेवला आणि वाचलं. "मोकळी जागा."

"मोकळी?"

"तसंच लिवलंय की."

"मग माझा बा कुठं बसलाय? मोकळ्या हवंत?"

केरबानं हार परत हातात घेतला. एकसष्ट वर्षांच्या या बाईशी वाद घालायचा नसतो हे फाटकावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. लिंगायत माणूस मेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. त्याला जाळत नाहीत आणि आडवा पुरतही नाहीत. त्याला बसवतात. मांडी घालून, जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून. खड्डा चौकोनी असतो, आणि इथल्या खणणाऱ्यांच्या घरची रीत अशी, की त्याची खोली मेलेल्याच्या स्वतःच्या पावलानं मापायची. नऊ पावलं. जोंधळ्याचं धाट पावलाला लावायचं, तेवढंच मोडून घ्यायचं आणि त्यानं खड्डा मोजायचा. लहान पावलाच्या बाईचा खड्डा उथळ, धिप्पाड गड्याचा खोल. बसवून झालं की भोवती बेल आणि भस्म भरायचं, मग माती लोटायची, आणि ते धाटही मातीतच सोडून द्यायचं. ज्याची ऐपत असेल तो वर काळ्या दगडाचा चौथरा बांधतो, नाव कोरतो. ज्याची नसेल तो माती सपाट करून घरी जातो.

अशी सपाट माती करून घरी गेलेल्यांची दक्षिण बाजू होती. अकरा ओळी, ओळीत पंचवीस-सव्वीस माणसं. गिरिजाक्काच्या आजानं पहिल्या ओळी धरल्या, तिच्या बापानं, म्हणजे अप्पानं, मधल्या भरल्या, आणि भाऊ नव्हता म्हणून शेवटच्या तीन तिनं स्वतः खणल्या. बाईनं कुदळ धरली म्हणून सुरुवातीला समाजातल्या चार लोकांनी नाकं मुरडली. पण मयत दारात असताना नाक मुरडून खड्डा होत नाही, हे त्यांना लवकरच कळलं.

या घराण्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता. ओळ. अप्पा खुंट्या ठोकून सुतळी ताणल्याशिवाय कुदळ उचलत नसे. दोन खड्ड्यांत पाच हात, एक बोट इकडं नाही की तिकडं नाही. श्रीमंतांच्या बाजूला ज्याला जसं सुचेल तसा चौथरा, कुणाचं तोंड कुणीकडं. गरिबांच्या बाजूला मात्र शिस्त. "ह्यांनी जन्मभर रेशनच्या रांगंत धक्के खाल्ले," अप्पा म्हणायचा, "हितं तरी नीट बसू देत." गिरिजाक्कानंही ती सुतळी सोडली नाही.

तर ही सगळी माणसं फलकावर नव्हती. गिरिजाक्का फाटकातल्या कचेरीकडं निघाली.

कचेरीत संयोगिता मॅडम बसल्या होत्या. पुण्याच्या, वय तिशीच्या आतबाहेर, जुन्या वास्तू जतन करायचं शिकून आलेल्या. जतन समितीनं त्यांना बोलावलं होतं. दिवाळीनंतर त्यांची माणसं गवत कापायच्या यंत्रासारखं चाकांचं एक यंत्र घेऊन सगळ्या जमिनीवरून आठवडाभर फिरली होती. जमिनीखालचं दिसतं म्हणे त्यात. गिरिजाक्कानं त्यांना रोज तांब्याभर ताक नेऊन दिलं होतं. यंत्राला सगळं दिसतंय म्हटल्यावर आपण वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं होतं. आता ते ताक आठवून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मावशी, या, बसा ना," मॅडम म्हणाल्या.

"बसायला आले न्हाय. तो भाईरचा नकाशा कुणी काढला?"

"मी काढला."

"मग तीनशे माणसं कुठं घालवली?"

मॅडम चांगल्या घरच्या होत्या. चिडल्या नाहीत. त्यांनी संगणकाचा पडदा गिरिजाक्काकडं वळवला. "हे बघा, दक्षिण भाग. सगळे चौकोन आहेत, सारख्या अंतरावर, अगदी सरळ ओळींत. दफन असतं तर आकार लांबट आला असता, सहा फूट बाय दोन फूट. चौथऱ्यांच्या खाली आम्ही पाहिलंच नाही, ते तर उघडच समाधी आहेत. पण इथं वर काहीच नाही, आणि खाली हे असे चौकोनी खड्डे, आत भुसभुशीत माती. फळझाडं लावायला असेच खड्डे घेतात. शिवाय शेटे साहेबांनी स्वतः सांगितलं, की त्यांच्या लहानपणी इथं आंब्याची बाग होती."

गिरिजाक्काच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण त्या तिथंच थांबल्या. पडद्यावर आजाची, अप्पाची आणि तिची सुतळी दिसत होती. जन्मभर तिनं ही जमीन वाकून पाहिली होती, वरून कधीच पाहिली नव्हती. अकरा ओळी. कुठं वाकडं नाही. अप्पानं हे बघायला हवं होतं असं तिला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की त्याची हीच शिस्त त्याच्या माणसांच्या मुळावर आली आहे. वेडेवाकडे खणले असते तर माणसं तरी ठरली असती. सरळ खणले, म्हणून झाडं ठरली.

"ह्या ओळीत सगळ्यांत खोल खड्डा कुठला, ते तुमच्या यंत्राला कळतंय?" तिनं विचारलं.

"कळतं की."

"सांगू नका. मी सांगते. डावीकडनं सातवा. रुद्राप्पा तालीमवाला. पाऊल ह्ये एवढं. नऊ पावलं म्हंजे मी आत हुभी ऱ्हायली तर माझ्या डोक्याच्या वर हातभर जमीन."

मॅडमनी पडद्यावर काहीतरी दाबलं. आकडे आले. सातवा खड्डा ओळीत सगळ्यांत खोल होता.

"त्याच्या खालच्या ओळीत शेवटाला तीन बारकं, एकाला एक लागून. कोष्ट्याची पोरं. गोवरानं एका आठवड्यात गेली. तेवढीच माझ्या बानं पाच हात सोडली न्हाईत, जवळ जवळ बसवली. दिसत्यात?"

दिसत होते. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोली कमीजास्त आहे हे मला दिसलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "झाडांचे खड्डे एका मापाचे असतात. मला खटकलं होतं. पण साहेबांनी बाग म्हटल्यावर मी पुढं विचार केला नाही."

"आता करा."

"करते. पण मावशी, मला पुरावा लागेल. तुमच्या सांगण्यावर काम थांबत नाही. समितीची नोंदवही मी पाहिली, तिच्यात फक्त चौथरे बांधणाऱ्यांची नावं आहेत. एक चाचणी खड्डा घेतला, तर..."

"न्हाय," गिरिजाक्का म्हणाली. "बसवलेल्याला हात लावत न्हाईत. कुणाच्या बी खड्ड्याला न्हाय. त्येवढं सोडून बोला."

मॅडमनी शेटे साहेबांशी बोलते म्हणून सांगितलं, आणि त्या बोलल्याही असणार, कारण पाच-सहा दिवसांनी एका दुपारी साहेबांचाच निरोप आला.

गुरुनाथ शेटे म्हणजे जतन समितीचे अध्यक्ष. शिरोलीला फौंड्री, तीन गाड्या, आणि समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिली खुर्ची. गिरिजाक्का आली तेव्हा ते उत्तर बाजूला त्यांच्या आईच्या समाधीपाशी उभे होते. ही समाधी म्हणजे रुद्रभूमीची शान. काळा घोटीव दगड, वर नंदी, चारी बाजूंनी साखळी. 'लिंगैक्य शालूबाई मल्लाप्पा शेटे.' जतनाच्या यादीत हिचा क्रमांक पहिला होता.

"आक्का, त्या पोरीच्या डोक्यात काय भरवलंस तू?" त्यांनी सरळ विचारलं.

"जमिनीत हाय तेच सांगितलं, अण्णा. बाग कुठनं काढलीसा तुमी?"

"जुनी माणसं सांगायची."

"कोण जुनी माणसं? तुमच्यापेक्षा दोन वर्सांनी मी मोठी. मी कधी आंबा खाल्ला न्हाय हितला."

साहेब हसले. गिरिजाक्का हसली नाही. तिनं काळ्या दगडाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हेच्या खाली काय हाय, ते तुमाला ठावं हाय आणि मला ठावं हाय."

शालूबाई, गुरुनाथ शेट्यांची आई, टॉकीजसमोर पाटीवर फुटाणे विकायची. पंच्याहत्तर साली ती गेली तेव्हा तिला हातगाडीवरून आणलं होतं. ना भजन ना वाजंत्री. बरोबर नवरा, दोन शेजारी, त्यातला एक अप्पाच, आणि दहा वर्षांचा गुरुनाथ. गिरिजा बारा वर्षांची होती, शालूबाईच्या पावलाला धाट तिनंच लावलं होतं. पाऊल एवढंसं, टाचेला भेगा. अप्पानं तिला चौथ्या ओळीत, अकराव्या जागी बसवलं. पुढं गुरुनाथच्या हातात पैसा आला आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं इकडं, उत्तरेच्या बाजूला, आईची समाधी बांधायला काढली. पाया गिरिजाक्कानंच खणला. खाली कोरा मुरूम होता, कुदळ ठणाठण वाजत होती. पोराला आईचं नाव दगडावर बघायचंय, बघू दे, आपलं काय जातंय, असा तिनं विचार केला आणि तोंड मिटून घेतलं. तिच्या आयुष्यातली ही सगळ्यांत मोठी चूक होती आणि ती चूक आता तिच्यासमोर साखळी लावून उभी होती.

"मला ठावं हाय," साहेब म्हणाले. आजूबाजूला कुणी नव्हतं. "म्हणून तर म्हणतोय, गप ऱ्हा. एकदा ओळी मांडल्या की नावं येणार. नावं आली की चौथ्या ओळीत माझी आई येणार. मग हे काय हाय म्हणून लोक इचारणार. पंचवीस वर्सं मी हितं पुण्यतिथी करतोय, आक्का. मंत्री येऊन गेल्यात हितं हार घालून."

"मग आता खऱ्या जागी घाला की हार."

"लोकं हसतील."

"लोकं हसतील म्हणून आईवर संडास बांधणार तुमी?"

"भवन हाय ते. संडास कोपऱ्यात हाय."

हे उत्तर त्या माणसानं अगदी गंभीरपणे दिलं. गिरिजाक्कानं मान खाली घालून चौथऱ्याभोवतीची साखळी मुठीत धरली.

साहेबांना वाटलं, बाई नरमली. त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि मऊ आवाजात पुढं बोलले. "ऐक. मी काय दगड न्हाय. तुझा बा चौथ्याच ओळीत हाय न्हवं? मी नकाशा थोडा सरकवतो. चौथी ओळ सोडतो. तितं फुलझाडं लावू, गोल कट्टा करू. तुझा बा बी सुटला, माझी आई बी सुटली. कुणाला काय सांगाय नगं."

"आणि बाकीच्या धा ओळी?"

"त्येंचं हाय कोण आता, आक्का?"

इथं गिरिजाक्काचा 'अण्णा' संपला आणि 'तुम्ही'ही संपलं. "गुरू," ती म्हणाली, "तुझी आई मेली तवा तुझं तरी कोण होतं रं? दोन शेजारी. त्यातला एक माझा बा." आणि मागं न बघता ती चालू लागली.

पण घरापर्यंत जाताना ते बोलणं तिच्या पायात घोटाळत राहिलं. अप्पा सुटला असता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर तिला पंचवीस वर्षांची सवय होती. तिनं स्वतःला खूप शिव्या दिल्या. चुलीपुढं बसून भाकरी थापताना तिनं हिशेब केला तो असा: भवनाचं भूमिपूजन परवा सकाळी नऊला. कागद नाही. मॅडमना पुरावा हवा. पुरावा मातीत आहे, आणि माती उकरायची नाही असा आजापासूनचा नेम आहे. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा तिला हक्क नाही. मग जगात एकच खड्डा उरतो, ज्याच्यावर तिचा हक्क आहे. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

भूमिपूजनाला मांडव घातला होता. खुर्च्या, लाल कापड, समाजातली शंभर-सव्वाशे माणसं. जेसीबीला झेंडूचा हार घातला होता आणि त्याच्या बकेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. मठाचे म्हातारे स्वामी पाटावर बसले होते. संयोगिता मॅडम एका बाजूला उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. त्यांनी काम थांबवायचं पत्र दिलं होतं आणि समितीनं ते पुढच्या बैठकीत घेऊ म्हणून ठेवून दिलं होतं.

गिरिजाक्का कुदळ, फावडं आणि सुतळी घेऊन आली. मांडवाच्या पलीकडं जाऊन तिनं दोन टोकांना दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, पावलं टाकत चौथ्या ओळीच्या सोळाव्या जागेवर, अप्पानं स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेवर, आली, कासोटा घट्ट केला आणि पहिला घाव घातला.

"आक्का, काय चाललंय हे?" गुरुनाथ शेटे माइक हातात घेऊनच म्हणाले, त्यामुळं ते साऱ्यांना ऐकू गेलं.

"बाला भेटाय आलीया."

मांडवात कुजबुज सुरू झाली. स्वामी उठून काठी टेकत आले. खड्ड्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "गिरिजा, बसवलेल्याला उकरायचा इधी आपल्यात न्हाय गं."

"म्हाईत हाय, अज्जा. बिनइधीचं करते. पाप लागलं तर माझं मला लागू दे. ह्यांच्या जेसीबीला कुठला इधी हाय, ते बी इचारा त्यांना जरा."

स्वामींनी जेसीबीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं, आणि तिथंच कडेला मातीत बसले. साहेबांनी दोन पोरांना खुणावलं, पण पोरं जागची हलली नाहीत. पोरगी बापाच्या जागेवर उभी असताना तिला ओढून काढायची कुणाची छाती झाली नाही.

ज्यानं कधी खणलं नाही त्याला माती म्हणजे माती. पण एकदा भरलेली माती वेगळी असते. कोऱ्या मुरुमाला कुदळ लागली की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. भरलेली माती निमूट जागा देते. तीस वर्षं झाली तरी देते. गिरिजाक्काच्या कुदळीखाली चार बाजू आपोआप उघड्या पडत गेल्या. कडा मुरुमाच्या, ताठ, आत मऊ काळी माती. अप्पाचा खड्डा तिनं स्वतः खणला होता. प्रत्येक कोपरा ओळखीचा होता. गुडघाभर झालं, मांडीभर झालं. घाम डोळ्यांत जात होता आणि ती मोठ्यानं बोलत होती. "अप्पा, रागवू नगंस. मी उठवाय आली न्हाय तुला. नुसतं दार वाजवतीया. ह्या लोकांनी तुला आंबा केलाय."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

कमरेच्या वर खोल गेल्यावर तिनं कुदळ ठेवली, फावडंही ठेवलं आणि हातांनी माती सारू लागली. बोटांना ओलसर, चिकट, गार काहीतरी लागलं. तिनं आणखी सारलं. काळ्या मातीत पांढरा थर. राखेसारखा पांढरा, चौकोनाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. भस्म. त्याच्या खाली हातभर अंतरावर अप्पाचं डोकं होतं. ती थांबली. तिथून पुढं एक बोटही तिनं घातलं नाही.

मूठभर भस्म घेऊन ती वर बघत म्हणाली, "या सगळी. बघा. आणि मला सांगा, कुठल्या बागंत झाडाच्या मुळाला भस्म घालत्यात."

पहिल्यांदा आल्या त्या संयोगिता मॅडम. चप्पल काढून त्या खड्ड्यात उतरल्या, थराला हात लावला, चार कडा बघितल्या, आणि हाताला लागलेलं भस्म न पुसता मांडवाकडं वळल्या. "माझा अहवाल चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "इथं दफनं आहेत. सगळ्या ओळींत. मी तसं आज लेखी देते, आणि या जागेवर मशीन चाललं तर मी स्वतः पोलिसात जाईन."

स्वामींनी झोळीतून भस्म काढून कपाळाला लावलं आणि खाली वाकून खड्ड्याकडं हात जोडले. त्यांचं बघून खुर्च्यांवरची माणसं उठली. शंभर माणसं एकेक करून कडेशी आली आणि वाकली. चहाच्या कपांचा ट्रे घेतलेला माणूस ट्रेसकट वाकला. जेसीबीवाल्यानं गाडी मागं घेतली ती फाटकापर्यंत.

गिरिजाक्कानं माती परत लोटली. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. बापाला शांत बसू द्यायचं एवढंच काम होतं तिचं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं मोडलं होतं. शाबासकी द्यायला आलेल्या दोघातिघांना तिनं झिडकारलं. "कशाची शाबासकी? फलक लागून आठ दिवस झालं. तुमी रोज त्येच्याखालनं जाताय. एकानं तरी इचारलं?" ते खाली मान घालून बाजूला झाले.

मॅडम वही घेऊन आल्या. "मावशी, नावं सांगाल? आत्ताच लिहून घेते. नाव, साल आणि वारस. वारस इथं असेल तर त्याची सही."

मग ते सुरू झालं. गिरिजाक्का सुतळीच्या कडेनं चालत होती आणि एकेका जागी थांबून नाव घेत होती. माणसं मागून येत होती. पहिल्या ओळीत फारसं कुणी पुढं आलं नाही, फार जुनी होती ती. दुसऱ्या ओळीत एक म्हातारा म्हणाला, ही माझी आत्या, आणि त्यानं सही केली. कोष्ट्याच्या तीन पोरांपाशी एक बाई मटकन खाली बसली. तिची ती मोठी भावंडं होती, तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं. तिसऱ्या ओळीत सही करायला रांग लागली. इतकी वर्षं 'आमची माणसं तिकडं कुठंतरी आहेत' एवढंच ज्यांना माहीत होतं, ते आता एका जागेवर उभे राहून पायातली चप्पल काढत होते.

चौथी ओळ आली. आठवा, नववा, दहावा. अकराव्या जागी गिरिजाक्का थांबली.

गुरुनाथ शेटे गर्दीतच होते. मागं, पण होते. मघाशी भस्माच्या थरापुढं तेही वाकले होते. तिनं त्यांच्याकडं बघितलं. "शालूबाई," ती म्हणाली. "पंच्याहत्तर साल."

काही म्हाताऱ्या माणसांच्या माना वळल्या. उत्तरेकडं काळ्या दगडावरचा नंदी इथून दिसत होता. मॅडमनी लिहिलं आणि विचारलं, "आडनाव?"

"ते त्येंच्या पोरानं सांगावं. हितंच हाय तो."

तिला घाई नव्हती. मनातल्या मनात ती अजूनही त्याला शेवटची एक संधी देत होती, दहा वर्षांच्या त्या पोरासाठी, जो या जागेवर बापाचं बोट धरून उभा होता आणि आईच्या अंगावर माती पडताना ओरडला होता. नुसतं एक पाऊल पुढं यायचं होतं. माझी आई, एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले नसते. आज तिथं हसण्याच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

गुरुनाथ शेट्यांनी खिशातून मोबाइल काढला, वाजत नसताना कानाला लावला आणि बोलत बोलत गाडीकडं गेले.

मॅडमचं पेन वहीवर तसंच थांबलं होतं. "वारस काय लिहू, मावशी?"

"लिवा," गिरिजाक्का म्हणाली. "शालूबाई. फुटाणं विकायची. वारस कोण न्हाय."

आणि ती बाराव्या जागेकडं वळली.